आपापल्या मुठीएवढी

४ सप्टेंबर

दोन्ही मोठ्या आहेत म्हणे. दोन्ही!

सोनोग्राफीच्या बाई आधी मजेत गप्पा मारत होत्या — बेकरी कुठे, एवढ्या पहाटे उठवतं कसं, वगैरे. डाव्या कुशीवर आल्या आणि गप्प झाल्या. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. पडद्यावर ठिपके टाकून मोजत होत्या. मी काय ते ओळखलं. आमच्याकडेही कुणी एकाच पावाकडे दोनदा बघितलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"काय झालं?" मी विचारलंच.

"काही नाही हो. किडनी साधारण आपापल्या मुठीएवढी असते. तुमच्या जरा मोठ्या दिसताहेत. डॉक्टर बोलतील."

बाहेर बाकावर हे. मी सांगितलं तर म्हणतात, "मोठी? मग चांगलंच की. एकीत दोघांचं भागेल." शेजारची अनोळखी माणसंसुद्धा हसली. मीही हसले. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घेणाऱ्या माणसाला अजून विनोद सुचतात, याचंच मला नवल वाटतं. यांच्या दोन्ही आक्रसून एवढ्याशा झाल्यात. माझी एक यांना द्यायची ठरलंय. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं, शेवटच्या थोड्या तपासण्या राहिल्यात. यांच्या सुकल्या, माझ्या फुगल्या! एका घरात राहून ही अशी वाटणी.

५ सप्टेंबर

घरात आनंदीआनंद. सासूबाई शेजारी जाऊन सांगून आल्या, "आमच्या सुनेची किडनी चांगली ऐसपैस निघाली." जशी काही मी परीक्षेत पहिली आले. जाऊ म्हणाली, "ताई, म्हणजे एक दिली तरी उरलेली तुम्हाला सहज पुरेल." मला पटलं. मोठं ते बरं, एवढंच आपल्याला कळतं.

भाऊजींनी — यांच्या धाकट्या भावानं — ऐकून घेतलं, मैद्याची गोणी उचलली आणि आत गेले. किडनीचा विषय निघाला की या माणसाला नेमकी गोणी उचलायची असते.

९ सप्टेंबर

थांबवलं.

किडनीचे डॉक्टर भला माणूस. आवाज चढवत नाहीत, घाई करत नाहीत. त्यांनी कागदावर दोन किडन्या काढून दाखवल्या. म्हणाले, किडनी मोठी होणं हा रोग नव्हे, ती खूण आहे. कशाची, ते शोधायचं. साखरेच्या आजारात सुरुवातीला फुगतात. खाली कुठे वाट अडली, लघवी तुंबली, तरी फुगतात. घराण्यात असेल तर पाण्याच्या पुटकुळ्या होऊन वाढतात. सूज असते. कधी नको ते काहीतरी आत येऊन साचतं. रक्ताचे काही आजार असतात… इथे ते जरा अडखळले आणि पुढच्या वाक्यावर गेले. मी ते अडखळणं बरोबर पकडलं.

"पण साहेब, मोठी असली तर काम जास्त करेल ना?" हे म्हणाले.

"कारण कळेपर्यंत मी यांच्या अंगाला हात लावणार नाही. यांची एक काढली आणि उरलेली आजारी निघाली, तर मशीनवर तुम्ही दोघं शेजारी शेजारी पडाल."

येताना हे सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. मला म्हणाले, "तुला काही झालेलं नसू दे म्हणजे झालं." मला राग आला. इथे त्यांचा जीव टांगणीला लागलाय, आणि हे माझी काळजी करतायत! पण हात सोडवून घेतला नाही मी.

१० सप्टेंबर

पहाटे कामात मन लागत नव्हतं. तरी गोळे तोडले. ते दुसऱ्या कुणाला करता येत नाही.

आमच्या बेकरीची ही जुनी रीत. पीठ भाऊजी मळतात, भट्टी कामगार बघतात, पण मळलेल्या पिठाचे गोळे एकाच हातानं तोडायचे. मुठीत पीठ धरायचं, दाबायचं, अंगठ्याजवळून वर येईल तेवढा गोळा. काटा नाही, साचा नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी माझी मूठ आपल्या मुठीला लावून बघितली आणि म्हणाल्या, "जमेल." तेव्हापासून गोळे माझ्याकडे. त्या अजून भट्टीजवळ स्टूल टाकून बसतात आणि डोळे मिटून सगळ्यांच्या चुका काढतात.

आज भाऊजी म्हणाले, "वहिनी, पीठ पुरत नाहीये. रोज शेवटचा ट्रे अर्धा राहतो."

"मग मळा जास्त."

"तेवढंच मळतोय. पूर्वी पुरायचं."

भावाची किडनी गेली त्याचं काही नाही, अर्ध्या ट्रेचं पडलंय! असं मनात आलं. कुणाला बोलले नाही, इथेच लिहिते.

१४ सप्टेंबर

साखर निघाली. पण थोडीच! डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा साखरेनं किडन्या इतक्या वाढणार नाहीत, आणि साखर का वाढली तेही आता एक कोडंच आहे. एक कोडं सोडवायला गेलं तर दुसरं पदरात.

चहातली साखर बंद. सासूबाईंनी माझ्याबरोबर आपलीही बंद केली, आणि दुपारी डब्यातून चिमूटभर तोंडात टाकताना सापडल्या. "औषध म्हणून घेतली," म्हणाल्या.

१७ सप्टेंबर

वडील कशानं गेले ते डॉक्टरांनी विचारलं होतं. घराण्यातलं असेल तर कळावं म्हणून. दादाला फोन केला. तो म्हणाला, "पोटाचं काहीतरी होतं." आमच्याकडे सगळ्यांना पोटाचं काहीतरीच होतं. वडिलांना, आजोबांना, आत्याला. कुणी कधी आत डोकावून बघितलंच नाही. मग दादाच म्हणाला, "मी पण तपासून घेऊ का?" एवढ्या लांबून त्याचा आवाज लहान झाला होता. मी म्हटलं, थांब, आधी माझं कळू दे.

मोठ्या मशीनमध्ये घालून पोटाचे फोटो काढले. श्वास घ्या, धरा, सोडा. उत्तर परवा.

१८ सप्टेंबर

पुटकुळ्या असतील तर यांना किडनी नाही आणि दादाच्या पोरांनाही धोका. पुटकुळ्या नसू देत.

१९ सप्टेंबर

पुटकुळ्या नाहीत! वाटही कुठे अडलेली नाही. दादाला फोनवर सांगितलं तर पठ्ठ्या रडला.

दोन कारणं कटाप. पण त्याच फोटोत लिव्हरही मोठं दिसलं. "थोडंसंच," डॉक्टर म्हणाले, पण भुवया वर गेल्या त्यांच्या. रक्त पुन्हा घेतलं. आता त्या अडखळलेल्या वाक्याची तपासणी असणार. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. यांना म्हटलं, नेहमीचंच आहे.

२५ सप्टेंबर

यांचा आज वाईट दिवस. मशीनवर असताना पायात गोळे आले. एवढा धट्टाकट्टा माणूस, चादर दातात धरून पडला होता. मी पोटऱ्या चोळत होते. नर्स म्हणाली, "जोरात चोळा, तुमचा हात चांगला भक्कम आहे."

घरी आल्यावर तहान. यांना दिवसाचं पाणी मोजून. आपला वाटा सकाळीच संपवून बसले होते. मला म्हणाले, "तू पी. मी बघतो." मी प्याले. हे खरंच बघत बसले, क्रिकेटचा सामना बघावा तसे. मग म्हणाले, "घोट घेताना आवाज कर ना जरा." मी केला. दोघं हसलो आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. हा माणूस मला हवा आहे. म्हातारा, चिडका, कसाही, पण हवा आहे.

२७ सप्टेंबर

रक्त स्वच्छ! त्या रोगाचं नाव मी इथे लिहिणार नाही, पण तो नाही. डॉक्टर म्हणाले, किडन्या झकास काम करतात, उलट गरजेपेक्षा जास्तच गाळतात. फक्त मोठ्या का, ते सांगता येत नाही. म्हटलं, मग घ्या ना एक. तर मान हलवतात. "कारण कळू दे."

कारण, कारण, कारण.

२९ सप्टेंबर

आज भांडण झालं. मोठं.

भाऊजींनी वजनकाटा आणला. आमच्या बेकरीत काटा! सासूबाईंच्या डोळ्यांदेखत पिठाच्या टेबलावर ठेवला आणि माझे गोळे एकेक करून तोलले. सगळे जड. थोडेथोडके नव्हे, पाच गोळ्यांत सहावा होईल इतके. आणि गंमत म्हणजे सगळे अगदी सारखे जड. एकही इकडचा तिकडे नाही.

कामगार हसू दाबत होते. एक जण म्हणाला, "तरीच गिऱ्हाईकं म्हणतात, हल्ली पाव मोठा मिळतो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "एवढी वर्षं या मुठीवर बेकरी चालली, आणि आता तुम्ही मला तोलणार?" भाऊजी म्हणाले, "तुम्हाला नाही वहिनी, गोळ्यांना." म्हटलं, "तेच ते."

सासूबाई उठल्या. पदर खोचला, पिठात हात घातला आणि पाच-सहा गोळे तोडून काट्यावर ठेवले. एकदम बरोबर. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं लक्ष नाही गं. नवऱ्याच्या काळजीनं हात सैल झालाय." रागावून नाही, मायेनं बोलल्या. त्याचंच जास्त लागलं. हात सैल नाही झाला माझा. रोज जसं धरते तसंच धरते.

दुपारी उठून खोलीत जाऊन बसले. जाऊ ताट घेऊन आली, ठेवून गेली. जेवले मात्र सगळं.

३ ऑक्टोबर

किडनीच्या डॉक्टरांनी आज माझी फाइल बाजूला ठेवली आणि नुसते माझ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "किडनी मोठी, लिव्हर मोठं, साखर वाढलेली. मी आपला किडनीत कारण शोधतोय, आणि ते बहुतेक किडनीत नाहीच." हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी दिली.

हे बाहेर येऊन म्हणाले, "म्हणजे तू निर्दोष, पण सुटका नाही."

८ ऑक्टोबर

आज सगळं कळलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, चणीनं त्याहून लहान. मी आत गेले तर त्यांनी नमस्कार न करता हात पुढे केला. मी दिला. तो त्यांनी सोडलाच नाही. उलटा केला, सुलटा केला, बोटं दाबून बघितली. मग विचारू लागल्या. अंगठी का नाही घालत? म्हटलं, चढत नाही, मागच्या वर्षी सोनाराकडून कापून काढली, जाड झालेय ना मी. चप्पल? म्हटलं, हल्ली पुरुषांची घेते, मोकळी बरी पडते. घाम? भट्टीसमोर कुणाला येत नाही? घोरता? मी नाही म्हणणार तोच हे म्हणाले, "घोरते! भिंत हलते." मी यांच्याकडे असं बघितलं की पुढचं गिळलं त्यांनी.

दात दाखवायला लावले. खालच्या दातांत फटी पडल्यात. "पूर्वी होत्या?" मला आठवेना. यांच्या मोबाइलमध्ये पुतणीच्या बारशाचे जुने फोटो होते. बाईंनी त्यातला एक माझ्या चेहऱ्याशेजारी धरला आणि यांना म्हणाल्या, "बघा." यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "रोज समोर असते हो. कळलंच नाही मला." आवाज असा काही झाला की मलाच यांची समजूत घालावी लागली.

तर असं. मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते. वाढ करायला सांगणारी. लहानपणी तिचं ऐकून आपण उंच होतो, मग ती आवरतं घेते. माझ्या ग्रंथीत बहुधा गाठ झालीय आणि ती आवरतं घ्यायला तयार नाही. मोठ्या माणसाची उंची वाढत नाही, म्हणून मग हात वाढतात, पाय, जबडा, जीभ. आणि आत लिव्हर, किडन्या. सगळंच. मुंगीच्या पावलानं, वर्षानुवर्षं, कुणालाही न कळता. साखरही तिच्यामुळेच.

"सोनोग्राफीत तुमच्या किडन्या मोठ्या दिसल्या," बाई म्हणाल्या, "पण तुमच्या आताच्या मुठीच्या मानानं त्या अगदी बरोबर आहेत."

मूठ म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मूठ वाढली! मी रोज जसं धरते तसंच धरत होते, आणि मूठच वाढली होती! सगळे गोळे सारखे जड. पुरे न पडणारं पीठ. मी खुर्चीत बसून हसायला लागले. बाई घाबरल्या. हे सांगायला लागले, "आमची बेकरी आहे…"

९ ऑक्टोबर

कामगार यायच्या आधी बेकरीत गेले. भाऊजी एकटे होते. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात लावली होती तशी माझी मूठ त्यांच्या मुठीला लावली. माझी मोठी! एवढ्या दांडग्या पुरुषाच्या मुठीहून मोठी. त्यांना सगळं सांगितलं.

ते खाली बघत म्हणाले, "मला वाटलं पिठाचा व्यापारी कमी भरतोय. म्हणून काटा आणला. आधी गोणी तोलली, ती बरोबर निघाली. तुमच्यावर नव्हता माझा संशय." मग, "गाठ वाईट आहे का?"

म्हटलं, तसली नसते म्हणतात.

त्यांनी मान हलवली आणि गोणी उचलली. पण आज मला त्या गोणीचा राग नाही आला.

१७ ऑक्टोबर

डोक्याचे फोटो झाले. गाठ आहे. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. कॅन्सर नाही. पण डोळ्याच्या नसेला टेकायला आली होती — आणखी काही महिने गेले असते तर दिसणं कमी व्हायला लागलं असतं. नाकातून दुर्बीण घालून काढतात. बाहेरून टाका नाही.

मी विचारलं, "काढल्यावर किडनी देता येईल ना?"

दोघं डॉक्टर होते. एकमेकांकडे बघितलं त्यांनी. किडनीचे डॉक्टर म्हणाले, "नाही. साखर, वाढलेल्या किडन्या, तुम्हाला स्वतःला पुढे दोन्ही लागतील का, ते सांगता येत नाही. मी तुमची घेणार नाही."

"पुढच्या वर्षी?"

"नाही, ताई." ताई म्हणाले. आत्तापर्यंत कधी म्हणाले नव्हते.

१८ ऑक्टोबर

काल यांच्याशी बोलता आलं नाही, आज बोलले. म्हटलं, मी बाद झाले. तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही उरलं नाही. आणि जे काही इतके दिवस धरून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं, अगदी हुंदके देऊन.

यांनी आपला रुमाल माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "अगं, मी आजारी पडलो नसतो तर तू सोनोग्राफी केली असतीस?"

"मी कशाला?"

"तेच म्हणतो. तू आंधळी झाली असतीस आणि आम्ही चष्म्याचे नंबर बदलत बसलो असतो. माझ्या किडन्या गेल्या म्हणून तुझी गाठ सापडली." आणि छातीवर हात ठेवून, अगदी खरोखरच्या अभिमानानं म्हणाले, "मशीनवर पडून का होईना, मी तुझ्या कामाला आलो."

काय करावं अशा माणसाचं.

१९ ऑक्टोबर

जगायला हवेत हे. बाकी मला काही कळत नाही.

३० ऑक्टोबर

आज विषय काढला. सासूबाईंचं वय झालं, त्यांची घेत नाहीत. माझी घेत नाहीत. उरले भाऊजी. सख्खा भाऊ. पहिल्यापासून त्यांचंच नाव यायला हवं होतं, पण मी होते म्हणून कुणी काढलं नाही. आता?

हे एकदम कडक झाले. "त्याला विचारायचं नाही. दोन लहान मुली आहेत त्याच्या. स्वतःहून बोलला तर गोष्ट वेगळी."

"स्वतःहून बोलत नाही तो माणूस! कशाबद्दलच बोलत नाही!"

"मग राहू दे."

राहू दे म्हणे. गेल्या आठवड्यात मशीनवर यांचा दाब एवढा खाली गेला की नर्सनं पळत जाऊन डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाले, हृदय दमतंय, फार वर्षं मशीनवर काढता येणार नाहीत. हे बेडवरून ऐकत होते आणि छताकडे बघत होते. आणि म्हणे राहू दे.

६ नोव्हेंबर

ऑपरेशन परवा झालं. नाकात बोळे आहेत, तोंडानं श्वास, डोकं जड. पण दिसतंय सगळं! खिडकीबाहेरच्या झाडाचं पान न् पान दिसतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ पूर्ण निघाली. हाताची सूज उतरायलाही लागलीय, मुठी वळताना आज बोटं मोकळी वाटली. हाडं वाढली ती वाढली, ती परत लहान होणार नाहीत. किडन्या थोड्या उतरतील.

यांना मशीनमुळे इथे राहता येत नाही. जाऊ दिवसभर असते आणि भाऊजी कालपासून बाहेरच्या बाकावर. बेकरी बंद ठेवून! सासूबाईंच्या आठवणीत बेकरी पहिल्यांदा बंद.

८ नोव्हेंबर

विचारलं. यांचा शब्द मोडला, पण विचारलं.

भाऊजी मला पाणी द्यायला आत आले होते. म्हटलं, "भाऊजी, माझं तर गेलं. तुम्ही एकदा तपासून या ना. देऊ नका, नुसतं तपासून या. तुमचा सख्खा भाऊ आहे."

त्यांनी पेला स्टुलावर ठेवला. माझ्या पायांवरची चादर नीट केली, जरुरीपेक्षा जास्त वेळ लावून. मग "बघू" म्हणाले आणि बाहेर गेले.

बघू! सख्ख्या भावाचा जीव आणि हे बघणार. मी डोळे मिटून घेतले. आता या माणसाशी मला काही बोलायचं नाही. बेकरी आपली करायची आणि एका छपराखाली राहायचं, बस्स. बाकावर बसून पुण्य मिळत नाही. माझा नवरा वाचला पाहिजे आणि वाचवू शकणारा एकच माणूस दारापाशी गप्प बसला आहे, हे मी कधी विसरणार नाही.

११ नोव्हेंबर

आज घरी सोडणार. जाऊ पिशवी भरत होती. भरता भरता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "ताई, यांनी मला शपथ घातली होती, पण तुम्ही विचारल्यापासून ते जेवले नाहीत, म्हणून सांगते. यांचे दादा आजारी पडले त्याच महिन्यात हे गुपचूप तपासून आले होते. तुमच्याही आधी. एका बाजूला किडनी नाहीच. जन्मापासून. दुसरी एकटीच, दोघींचं काम करून करून मोठी झालेली. आईंना कळलं तर दोन्ही मुलांचा घोर लागेल, आणि दादा आपलं दुखणं सोडून यांचंच घेऊन बसतील, म्हणून कुणाला सांगितलं नाही." मग पिशवीचा बंद ओढला आणि म्हणाली, "माझं रक्त कुणालाही चालतं म्हणतात. मी रक्ताच्या नात्यातली नाही, परवानग्या लागतील, पण किडनी द्यायला उद्यापासून माझ्या तपासण्या आहेत. हे नको म्हणत होते. मीच ठरवलं."

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. उठून बाहेर गेले. भाऊजी बाकावर होते. मी त्यांच्या शेजारी बसले. ते थोडे सरकले आणि म्हणाले, "वहिनी, इथे वारा आहे. आत बसा."